गोठ दिली की गोठ दिला

एखादी बाई गात असताना तिला चौथ्या ओळीवर थांबवून, तिच्या गाण्यातल्या चुका सगळ्यांसमोर दाखवून, वर टाळ्या घेतल्या आहेत का तुम्ही कधी?

मी घेतल्या आहेत. ते कसं घडलं हे लिहायला बसले आहे, कारण त्या गाण्याची पाचवी ओळ गाणारीशिवाय कोणालाही माहीत नाही. ती कोणाला कळू नये याची व्यवस्था मी केली.

मी पत्रकांवर वाढले. पुण्यातल्या आमच्या दोन खोल्यांत पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. घरकाम करणाऱ्या बायकांच्या रजेची, वस्तीतल्या नळाची, टाळं लागलेल्या कारखान्याची. बाबा मजकूर लिहायचे, आई शुद्धलेखन तपासायची आणि मी घड्या घालायचे. वाचायलाही मी पत्रकांवरच शिकले. त्यामुळे प्रत्येक मजकुराला एक शत्रू असतो आणि शेवटी एक मागणी असते, हे मला बाराखडीबरोबरच कळलं. बाबांनी मला तीन प्रश्न दिले होते. कोण बोलतंय? कोणाच्या बाजूनं बोलतंय? फायदा कोणाचा? आईचं म्हणणं वेगळं होतं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं पत्रक मालक हसत हसत फाडतो, असं ती म्हणायची. चूक म्हणजे शत्रूच्या हातात दिलेलं हसू. हे वाक्य मी आयर्लंडला येताना बरोबर घेऊन आले.

डब्लिनमधलं शिक्षण संपलं, एका कंपनीत ग्राहकांच्या तक्रारी ऐकून घेण्याची नोकरी लागली, आणि २०२० च्या मार्चमध्ये मी शहराच्या कडेला क्लोनडॉकिन या उपनगरात एका मराठी कुटुंबाकडे वरची छोटी खोली घेतली. घरात ताई, भाऊजी आणि त्यांची सात वर्षांची मुलगी. भाऊजी जवळच्याच टॅला गावच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये कॉम्प्युटर विभागात होते. त्या वर्षी ते दिसायचे कमी आणि बोलायचे त्याहून कमी. ताई एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायची. शिवाय ताईची आई होती. मी त्यांना काकू म्हणायचे. त्या अकोल्याकडच्या. फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी लेकीकडे आल्या होत्या. मी राहायला आले त्यानंतर आठवड्याभरात सगळं बंद झालं आणि तीन महिन्यांचं एक वर्ष झालं.

पहिल्याच दिवशी ताईनं सांगितलं, "तुझे टॉवेल हॉट प्रेसमध्ये ठेव."

आमच्या घरी प्रेस म्हणजे छापखाना. मी विचारलं, "घरात छपाई करता तुम्ही?"

ताई हसायला लागली. मुलगी तर सोफ्यावर लोळली. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि गरम पाण्याच्या टाकीजवळच्या कपाटाला हॉट प्रेस. काकू एकट्या हसल्या नाहीत. मटार सोलता सोलता म्हणाल्या, "हसता काहून? तिच्या घरी तसं म्हनत असतीन."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

काकू आणि नात यांचं भांडण दिवसभर चालायचं. मुलीला मराठी कळायचं, पण उत्तर यायचं ते डब्लिनच्या हेलातल्या इंग्रजीत, जिथे 'ग्रँड' म्हणजे नुसतं 'ठीक, बरं'.

"जेवतं का, माय?"

"आय'म ग्रँड, आजी."

"ग्रँड-ग्रँड काय लावलं? जेवली का नाई, थे सांग."

"आय सेड आय'म ग्रँड."

"मंग ग्रँड खाय अन् झोप." 

ताई मध्ये पडायची. "आई, तिच्याशी नीट बोल गं. 'नाही' म्हण, 'ते' म्हण. ती तेच उचलेल." ताई स्वतः इतकं स्वच्छ पुणेरी बोलायची की ती पुण्यात वाढलेली नाही हे मला कळायला दोन महिने लागले.

बाहेर पडायची सोय नव्हती, तेव्हा आयर्लंडभरच्या मराठी माणसांनी स्क्रीनवर जमायला सुरुवात केली. कोणी स्वयंपाक शिकवत होतं, कोणी योगासनं. मी रविवारी दुपारी गाणी उलगडायला घेतली. प्रत्येकानं एका गाण्याच्या चार ओळी आणायच्या. आपण त्यांचा अर्थ लावायचा, यमक कुठे बसलंय, कुठला शब्द ठेक्यासाठी कोंबलाय, कुठली प्रतिमा खरी आणि कुठली उसनी, ते पाहायचं. चार ओळींचा नियम माझा. चार ओळींत गाणं स्वतःला उघडं पाडतं, असं मी पहिल्याच रविवारी सांगितलं आणि लोकांनी ते लिहून घेतलं.

मला ते जमत होतं, हे खोटं कशाला सांगू? लिमरिक शहरातले एक गृहस्थ यायचे. त्यांनी कॉलेजच्या दिवसांतलं एक प्रेमगीत आणलं, डोळे मिटून म्हटलं. मी त्यांना म्हटलं, "या चार ओळींत 'तू' पाच वेळा येते. तिला एकही क्रियापद नाही. ती काहीच करत नाही. ती नुसती असते, दिवाणखान्यातल्या शोकेससारखी."

ते मोठ्यांदा हसले. "काय कापलंस गं. संपलं माझं कॉलेज."

त्यांच्या शेजारी बसलेली बायको हसली नाही. पुढच्या रविवारी ती स्वतःहून बोलली. "मी आठवडाभर मोजली. आमच्या घरात मला तीन क्रियापदं आहेत. कर, दे, थांब." त्यावर लिमरिकचे गृहस्थ पुन्हा हसले, पण ते हसू लवकर संपलं.

अशी माणसं वाढत गेली. ती गाण्यासाठी येत नव्हती. कापणं बघायला येत होती. मलाही हळूहळू गाणं ऐकू येईनासं झालं होतं. कोणी गायला लागलं की माझा हात कात्री शोधायचा. पण मी स्वतःला सांगत होते की हे तत्त्वाचं काम आहे. खोट्या गाण्यांनी लोकांना झोपवलंय, मी त्यांना उठवते आहे.

सप्टेंबर सरला तशी काकूंची भुलाबाई सुरू झाली. आमच्या पुण्याकडे भोंडला, त्यांच्याकडे भुलाबाई. मुली संध्याकाळी जमून सासर-माहेराची गाणी म्हणतात, आणि शेवटी एक झाकलेला डबा पुढे येतो. आत काय खाऊ आहे ते ओळखायचं. डबा कानाशी हलवायचा, वास घ्यायचा, आणि ओळखता आलं नाही तर हार मानायची. हार मानल्याशिवाय झाकण उघडत नाही. इथे मुली म्हणजे ती एकच नात. काकू तिला समोर बसवून टाळ्या वाजवत म्हणायच्या आणि ती सोफ्यावर उड्या मारत अर्धी ओळ पकडायची. जुनी गाणी संपली तशा काकू नवी बांधायला लागल्या. पावाच्या दुकानाचं एक होतं. कचऱ्याच्या चाकवाल्या डब्याचं एक होतं, ते फारच छान होतं. आणि एक होतं विमानाचं; त्याच्या पहिल्या चार ओळीच त्या नातीसमोर म्हणायच्या, पुढचं डबा उघडेल तेव्हा, असं सांगायच्या.

ते मी जिन्यावरून अर्धवट ऐकलं आणि ठरवून टाकलं. रविवारी काकू गाणार. लोकांचं गाणं लोकांसमोर यायला हवं, हे तर माझं तत्त्वच होतं.

ताई नको म्हणाली. "तिला नाही जमायचं गं तुमच्यात. ती घाबरेल."

"घाबरेल की तू लाजशील?"

हे मी सहज बोलले. ताईनं माझ्याकडे पाहिलं आणि ती आत निघून गेली. काकूंनी मात्र विचार केला. दोन दिवस केला. मग म्हणाल्या, "म्हनतो मी. पोरगी माह्यासंगं बसन. डबाबी आनीन. सगळ्याइले ओळखाले लावू."

ताईनं गाण्याच्या पहिल्या चार ओळी सगळ्यांना दिसतील अशा टाइप करून ठेवल्या. टाइप करताना तिनं आईच्या बोलीला इस्त्री केली. 'नाई'चं 'नाही', 'देल्ली'चं 'दिली', 'तिले'चं 'तिला'. एक शब्द मात्र इस्त्रीतून सुटला. तो बदलला असता तर ठेका मोडला असता. कागदावर गाणं असं उतरलं:

विमानात बसली लेक, दूरदेशी आली
निघताना मायनं तिला एक गोठ दिली
पेटीमधी ठेवली नाही, बांधली नाही गाठी
गोठ तिनं जपून ठेवली ओठांच्या पाठी

रविवारी दुपारी तीन वाजता काकू स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या. नवी साडी, वर लेकीचा स्वेटर. मांडीवर स्टीलचा डबा, झाकणाला रुमाल बांधलेला. नात शेजारी. मी त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला माझा लॅपटॉप घेऊन. ताई ओट्याला टेकून उभी, काकूंच्या समोर. स्क्रीनवर तीस-एक चौकोन.

काकूंनी टाळी धरली. आवाज चांगला नव्हता, पण पक्का होता. नात दुसऱ्या ओळीपासून मिसळली. चौथी ओळ झाली. काकूंनी पाचवीसाठी श्वास घेतला आणि मी म्हटलं, "थांबा काकू. चार पुरे. आपला नियम आहे."

"आता तर सुरू झालं," काकू म्हणाल्या.

"चार ओळींत कळतं."

त्या थांबल्या. मी सुरू केलं.

मी म्हटलं, लोकगीताचा साचा सुरेख आहे. टाळीचा ठेका, चालता-बोलता शब्द. पण कारागिरी कच्ची आहे. गोठ म्हणजे काय? बायकांच्या हातातला सोन्याचा जाड, भरीव दागिना. शब्द पुल्लिंगी आहे. तो गोठ. म्हणजे 'गोठ दिला' हवं. इथे 'दिली' का आलं? कारण वरच्या ओळीत 'आली' आहे. यमकासाठी कवयित्रीनं शब्दाचं लिंगच बदलून टाकलं. यमक शब्दाच्या मानगुटीवर बसलं की असं होतं.

स्क्रीनवर माना हलल्या.

तिसरी ओळ. सोन्याचा दागिना पेटीत ठेवला नाही हे कळलं. गाठीला बांधला नाही, हेही ठीक. मग चौथ्या ओळीत तो ओठांच्या पाठी? दागिना तोंडात? प्रतिमा फसली आहे. 'गाठी'ला 'पाठी' मिळाली म्हणून वापरली आहे. विमानतळावर तपासणी चुकवायची असेल तर गोष्ट वेगळी.

इथे सगळे हसले. लिमरिकचे गृहस्थ डोळे पुसायला लागले.

मग मी तीन प्रश्नांवर आले. कोण बोलतंय? माय. कोणाच्या बाजूनं? सोन्याच्या. शिकून-सवरून विमानात बसलेल्या लेकीला आईकडून मिळतं काय? पुन्हा सोनंच. पुन्हा हातात घालायची बेडी. फायदा कोणाचा? हे गाणं बाईचं आहे असं वाटतं, पण ते बाईला दागिन्याच्या डब्यात परत ठेवतं. मी दहा मिनिटं बोलले. चांगलं बोलले. टाळ्या वाजल्या, ज्यांचे माइक बंद होते त्यांनी हात उंचावून वाजवल्या.

काकू माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या ताईकडे बघत होत्या. मी 'पुल्लिंगी' म्हटलं तेव्हापासून बघत होत्या. काहीतरी मागावं तसं त्यांचं तोंड थोडं उघडं होतं. मला वाटलं, लेकीनं सावरून घ्यावं अशी इच्छा असेल. ताईनं सिंकमधला एक कप उचलला, जो आधीच धुतलेला होता, आणि पुन्हा धुतला.

"काकू, काही म्हणायचंय?" मी विचारलं.

त्यांनी ताईवरून नजर काढली. "नाई," त्या म्हणाल्या. "बरं हाय."

डब्याची आठवण कोणालाच राहिली नाही. पुढचं गाणं आलं. काकूंनी रुमाल तसाच ठेवून डबा उचलला, स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये सगळ्यात वरच्या फळीवर मागे सारला आणि वर निघून गेल्या.

चार दिवसांनी नातीनं स्वतःहून त्यांच्यासमोर बसकण मारली. तिला विमानाचं गाणं हवं होतं. काकूंनी नको म्हटलं. तिनं हट्ट धरला. शेवटी काकूंनी हळूच टाळी धरली आणि दुसऱ्या ओळीला मुलगी ओरडली, "आजी, दॅट्स राँग. इट्स दिला. गोठ दिला."

काकूंचे हात हवेतच राहिले. त्यांनी ते मांडीवर ठेवले.

मी तिथेच होते. आणि मी त्या मुलीला 'शाबास' म्हटलं. हे मी लपवून ठेवू शकले असते.

त्यानंतर काकूंनी गाणं म्हटलं नाही. विमानाचं नाही, पावाचं नाही, कचऱ्याच्या डब्याचंही नाही. नातीशी बोलणंही घटलं. 'जेवली का' एवढं उरलं, आणि त्यात 'थे सांग' नव्हतं. 'ते सांग' होतं. त्या शुद्ध बोलायला लागल्या होत्या. ताईला बरं वाटलं असावं असं मला वाटलं. मला तर वाटलंच.

आता आणखी एक सांगते. मला ते गाणं आवडलं होतं. म्हणून मी ते दुरुस्त केलं. लिंग नीट बसवलं, प्रतिमा सुधारली:

लेकीचा तो प्रवास मोठा दूरदेशी झाला
निघताना आईनं तिला एक गोठ दिला
पेटीमध्ये ठेवला नाही, ठेवला स्वतःपाशी
गोठ तिनं जपून ठेवला मनगटापाशी

हे मी मुलीला शिकवलं. २०२१ च्या जानेवारीत शाळा पुन्हा बंद होत्या. वर्गाच्या बाईंनी मुलांना घरचं एखादं गाणं म्हणून पाठवायला सांगितलं. तिनं हे पाठवलं, सोबत पिवळ्या खडूनं काढलेलं बांगडीचं चित्र. बाईंनी उत्तर पाठवलं की फार सुंदर आहे, आजीला सांग. मुलीनं टॅबलेट नेऊन आजीसमोर धरला. काकूंनी पूर्ण ऐकलं. शेवटपर्यंत. त्यांनी तिला चौथ्या ओळीवर थांबवलं नाही. अर्थात चारच ओळी होत्या.

"ग्रँड आहे," त्या म्हणाल्या.

फेब्रुवारीच्या शेवटी त्यांच्या परतीची सोय झाली. भाऊजी गाडी काढत होते. दारात मी पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि अगदी स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "येते मी. तुझा गोठ सांभाळ."

तुझा. मला वाटलं, निघता निघता का होईना, शिकल्या. मी गोड हसले.

एप्रिलमधली गोष्ट. मी वाळलेले टॉवेल घेऊन वर हॉट प्रेसपाशी उभी होते. ताईच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं आणि ती फोनवर होती. आधी मला कळलंच नाही की ती बोलते आहे. आवाज तिचा आणि भाषा दुसऱ्या कोणाची.

"आई, आयकून राह्यली का तू? घराभाईर नको पडू म्हनलं ना. बरं, एक गोठ सांगू का तुले? पोरगी काल काय म्हने माह्यती का…"

एक गोठ सांगू का.

मी टॉवेल घेऊन तशीच उभी राहिले. फोन संपला. ताई बाहेर आली, मला पाहिलं आणि तिला समजलं.

"गोठ म्हणजे काय?" मी विचारलं.

"गोष्ट," ताई म्हणाली. "आमच्याकडे गोष्टीला गोठ म्हणतात. ती गोठ. स्त्रीलिंगी."

चारही ओळी माझ्यासमोर एकदम उभ्या राहिल्या. आईनं लेकीला निघताना एक गोष्ट सांगितली. गोष्ट पेटीत ठेवता येत नाही. गाठीला बांधता येत नाही. ती ओठांच्या मागेच राहते. मी ज्यांना चुका म्हटलं होतं, त्यांपैकी प्रत्येक शब्द मला अर्थ सांगत होता. 'दिली' सांगत होती. 'ओठ' सांगत होते. बसली, आली, दिली, ठेवली, बांधली, पुन्हा ठेवली. लेक आणि गोठ, दोघींना एकच प्रत्यय, अख्खं गाणं एका 'ली'वर उभं. आणि ते कोडं होतं. पेटीत नाही, गाठीत नाही, तर कुठे? तो झाकलेला डबा होता. तो कानाशी न हलवता, वास न घेता, हार न मानता मी सांगून मोकळी झाले की आतला खाऊ चुकीचा आहे.

"तुला तेव्हाच माहीत होतं," मी म्हटलं.

"हो."

"आणि तू कप धुवत होतीस."

"हो, धुवत होते." ती जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली. "पुण्याच्या हॉस्टेलला पहिल्या दिवशी मी 'मले पाणी द्या' म्हटलं. तीन वर्षं मला 'मले' म्हणूनच हाक मारायचे. माझं नाव विसरले सगळे. मी सहा महिन्यांत भाषा बदलली. आता तुझ्या त्या तीस चौकोनांसमोर मी म्हणू, की अहो, आमच्यात असं म्हणतात? त्यातल्या दोघीजणी माझ्या हॉस्टेलच्या आहेत."

"मला तरी नंतर सांगायचं."

"का? तू विचारलंस? तुझे ते तीन प्रश्न. कोण बोलतंय, कोणाच्या बाजूनं, फायदा कोणाचा. आई तुझ्यापासून चार फुटांवर बसली होती. 'काकू, गोठ म्हणजे काय हो?' एवढं विचारायला तुला कुठलं पत्रक लागत होतं?"

मी टॉवेल खाली ठेवले आणि तिच्याशेजारी पायरीवर बसले.

मग ती हळू आवाजात म्हणाली, "ती लेक मी आहे. मी पहिल्यांदा इकडे निघाले तेव्हा नागपूरच्या विमानतळावर आईनं मला काहीतरी सांगितलं होतं. बराच वेळ सांगत होती. मी बॅगांच्या वजनात होते. हो-हो म्हटलं. ऐकलंच नाही. नंतर विचारायची लाज वाटली. मला वाटलं होतं, गाण्यात येईल. पाचव्या ओळीपासून तेच असणार ना. एक गोठ दिली, मग ती गोठ. मी ओट्याला टेकून त्याचीच वाट बघत होते."

आणि मी म्हटलं होतं, चार पुरे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी काकूंना फोन लावला. तिकडची परिस्थिती तेव्हा वाईट होती, पण त्या बऱ्या होत्या. ताई शेजारी बसली होती, फोन स्पीकरवर होता. मी मनातल्या मनात माफीचं पूर्ण भाषण लिहिलं होतं, शेवटी मागणी असलेलं. ते म्हटलं. माझी चूक झाली, मला शब्द माहीत नव्हता, मी विचारायला हवं होतं, तुमचं गाणं बरोबर होतं, माझं चुकीचं होतं. पुढच्या ओळी सांगाल का?

काकूंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाल्या, "पुढच्या कोन्त्या?"

"पाचवीपासून."

"चार पुरतात म्हनली होती तू."

"मी चुकले, काकू."

"तू नाई चुकली. तू शिकलेली पोरगी. चुकलं थे गानं होतं. मंग चुकलेलं काहून म्हनू आता? मिटवलं मी थे."

"म्हणजे विसरलात?"

"मिटवलं म्हनलं ना."

ताई पुढे झाली. तिनं आपल्या भाषेत, माझ्यासमोर पहिल्यांदाच, विचारलं, "आई, मले सांग ना. थे तू मले विमानतळावर सांगतली होती, थे का?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"तू त्या दिवशी कप धूत होती ना, माय," काकू म्हणाल्या. "धुवून झाला का?"

ताईनं फोनकडे बघत मान हलवली, जणू त्यांना ते दिसणार होतं. मग काकूंनी नातीला बोलवायला सांगितलं. ती आली आणि न विचारताच गाणं म्हणायला लागली, डब्लिनच्या हेलात, टाळ्या वाजवत. एक गोठ दिला. मनगटापाशी. तिला थांबवायला आमच्या दोघींपैकी कोणाचाही हात उठला नाही. काकूंनी पुन्हा शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाल्या, "लय छान. जेवली का?"

"आय'म ग्रँड, आजी."

"हाव. ग्रँड."

त्या आठवड्यात स्वयंपाकघरातल्या प्रेसची वरची फळी पुसताना तो डबा सापडला. रुमाल तसाच. ताई म्हणाली, उघड. मी म्हटलं, आधी हार मानायला पाहिजे. तिनं हसून न हसल्यासारखं केलं. डबा मी कानाशी धरून हलवला. आत काहीतरी होतं, घट्ट होऊन एकाच गठ्ठ्यात सरकत होतं. सहा महिन्यांनंतर वास कसला येणार. आम्ही तो उघडला नाही. पुन्हा वरच्या फळीवर ठेवला.

रविवारचा वर्ग मी बंद केला. लोकांनी कारण विचारलं, मी सांगितलं. लिमरिकच्या गृहस्थांनी लिहिलं, 'चूक कोणाकडूनही होते, मनावर घेऊ नका.' त्यांच्या बायकोनं खाली लिहिलं, 'घ्या.'

ते दुरुस्त केलेलं गाणं आजही ती मुलगी म्हणते. तिच्या मैत्रिणींनाही ते येतं. शुद्ध आहे, लिंग बरोबर आहे, यमक चोख आहे, आणि त्यात काहीही नाही. खरं गाणं अकोल्याकडे एका बाईच्या ओठांच्या पाठी आहे, आणि तिनं ते तिथेच ठेवायचं ठरवलंय. तसा तिला पूर्ण अधिकार आहे.

माझ्या घरच्या प्रत्येक पत्रकाच्या शेवटी मागणी असायची, तशी इथेही आहे. ती सरकारकडे नाही, तुमच्याकडे आहे. तुमच्या घरात कोणीतरी असेल जिचं मराठी तुम्ही लहानपणापासून सुधारत आला आहात. आई असेल, मावशी असेल, सासू असेल. आज तिला फोन करा. तुम्हाला चुकीचा वाटणारा तिचा एक शब्द घ्या आणि विचारा, तुझ्याकडे याचा अर्थ काय? ती सांगेल तो तिच्याच उच्चारात लिहून घ्या, इस्त्री न करता. आणि तिनं गायला सुरुवात केली, तर पाचव्या ओळीच्या आधी तोंड उघडू नका.